१७ डिसेंबरचं लग्न, रोमन आकडे आणि स्पेलिंगमधली दोन एक्स्ट्रा अक्षरं

नमस्कार ताई, मी मूळची लातूरची, पुण्यात आयटीत नोकरी करते. १७ डिसेंबरला माझं लग्न आहे. मुहूर्त गुरुजींनी पंचांग बघून काढला, हॉल बुक झालाय, केटररला अ‍ॅडव्हान्स गेलाय. आम्ही दोघांनी अंगठ्यांच्या आतल्या बाजूला १७ आणि १२ हे रोमन आकड्यांत कोरून घ्यायचं ठरवलं होतं. ह्याचा मावसभाऊ इटलीत तोरिनोला असतो, त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं की तिकडे १७ हा सगळ्यात अशुभ आकडा आहे, त्याची रोमन अक्षरं फिरवली की 'मी मेलो' असं होतं. सासूबाई घाबरल्या आणि ओळखीच्या एका अंकशास्त्रवाल्यांकडे गेल्या. ते म्हणाले १ आणि ७ मिळून ८, म्हणजे शनी, आणि मुलीच्या नावाची बेरीज १, म्हणजे सूर्य, दोघांचं वैर, तारीख बदला, नाहीतर मुलीच्या इंग्लिश स्पेलिंगमध्ये एक 'ए' आणि एक 'एल' जास्तीचा टाका, पत्रिकेपासून आधारपर्यंत सगळीकडे. फी एकवीस हजार, त्यातले पाच हजार सासूबाईंनी देऊन पण टाकलेत. मोठ्या दिरांचं लग्न २६ तारखेला झालं होतं, तीन वर्षांत मोडलं, आणि २ अधिक ६ पण ८ च होतात. होणारा नवरा म्हणतो, आईच्या समाधानासाठी कर ना, तुझं काय जातंय. माझा या सगळ्यावर विश्वास नाही, पण खरं सांगते, आता रात्री झोप लागत नाही. रोमन आकड्यांमध्ये खरंच काही असतं का? मी काय करू? – सायली, पुणे

सायली,

पहिलं उत्तर सरळच देते, कारण तुझी झोप उडालीये. तारीख बदलू नकोस. स्पेलिंग बदलू नकोस, कागदपत्रांवरही नाही आणि पत्रिकेवरही नाही. अंगठीवर रोमन आकडे कोरायची हौस अजून असेल तर खुशाल कोरून घ्या. आणि दिरांच्या लग्नाबद्दल तू जे एक वाक्य लिहिलंयस ना, माझ्या मते तुझं सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे, त्यावर मी पुढे बोलणारच आहे. पण तू विचारलंयस की रोमन आकड्यांत खरंच काही असतं का, तर त्याचं नीट उत्तर तुला मिळायला हवं, कारण नुसतं 'काही नसतं गं, सोड' म्हटल्याने भीती जात नाही, ती आली कुठून हे दिसलं की मात्र बरीच उतरते.

मावसभावाने टाकलंय ते खोटं नाहीये. इटलीत १७ ला लोक खरंच घाबरतात, आपल्याला हॉलिवूडमुळे शुक्रवार तेरा तारीख माहितीये, तिकडे शुक्रवार आणि १७ एकत्र आले की नको वाटतं. लुफ्तांसा या जर्मन कंपनीच्याही बऱ्याच विमानांत १७ नंबरची रांगच ठेवत नाहीत, आणि रेनॉने १९७० च्या दशकात 'रेनॉ १७' नावाची गाडी काढली तेव्हा इटलीत ती '१७७' म्हणून विकली. कारण सांगतात ते असं, की १७ रोमन पद्धतीने लिहायचा तर एक्स, व्ही, आय, आय. हीच चार अक्षरं उलटसुलट केली की होतं व्ही, आय, एक्स, आय, म्हणजे 'विक्सी', लॅटिनमध्ये 'मी जगलो'. जगलो, म्हणजे आता जगणं संपलं, असा तो अर्थ लावला जातो. तो अगदीच ओढूनताणून लावलेला आहे असंही नाही, इ.स.पू. ६३ मध्ये रोमचा नेता सिसेरो याने सत्ता उलथवायच्या कटातल्या लोकांना तुरुंगात ठार करवलं आणि बाहेर येऊन जमलेल्या गर्दीला 'मेले' न म्हणता 'ते जगले' एवढंच सांगितलं होतं. पण त्याच भाषेत होरेस नावाचा कवी म्हणून गेलाय की जो रोज दिवस संपताना 'विक्सी' म्हणू शकतो तोच खरा सुखी माणूस. तर त्या चार अक्षरांत मरणच आहे असं कोणी छातीठोक सांगू नये. आणि ज्या इटलीत १७ वाईट, तिथेच १३ चांगला मानतात, त्यांच्या फुटबॉलच्या जुन्या लॉटरीत तेरा निकाल बरोबर आले की मोठं बक्षीस लागायचं. चीन-जपानकडे जा, तिथे ४ नको असतो कारण त्याचा उच्चार मरणासारखा होतो. तुझ्याच लातूरकडे ये, १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ पासूनचा अभिमानाचा दिवस, शाळेत असताना तूही त्या दिवशी झेंडावंदनाला उभी राहिली असशील.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. ज्या रोमन लोकांचे हे आकडे, ते स्वतः १७ ला घाबरत होते का? त्यांच्या सैन्यात १७ नंबरची लीजन होती, म्हणजे हजारो सैनिकांचं दल, बिनदिक्कत तो नंबर लावून उभं केलेलं. ती लीजन इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या ट्यूटोबुर्गच्या जंगलात कापली गेली हे खरंय आणि १७ ला अशुभ म्हणणारे लोक हा दाखला हमखास देतात, पण तिच्यासोबत १८ आणि १९ नंबरच्या लीजनही तिथेच संपल्या, आणि पुढे हे तिन्ही नंबर परत कुठल्या दलाला दिले नाहीत. मग १८ आणि १९ ला कोणी का घाबरत नाही? कारण त्यांची अक्षरं फिरवून काही शब्द बनत नाही, एवढंच. त्याच लढाईत गेलेल्या मार्कुस काइलिउस या सेनाधिकाऱ्याचा स्मृतिदगड आज बॉनच्या म्युझियममध्ये आहे, त्यावर लीजनचा नंबर १८ कोरलाय तो एक्स-आय-आय-एक्स असा, म्हणजे वीसला दोन कमी. आपल्याला शाळेत शिकवलेली पद्धत ती नाही, शाळेत एक्स-व्ही-आय-आय-आय. आणि रोमच्या कोलोसियमच्या दरवाज्यांवरचे नंबर बघितलेस तर ४४ मध्ये चाळीस लिहिताना पन्नासातून दहा वजा केलेत, आणि लगेच पुढचा चार लिहिताना मात्र चार सरळ काड्या मारल्यात. एकाच आकड्यात दोन पद्धती. ज्यांनी हे आकडे रोज वापरले त्यांनाच कसं लिहायचं याचा कडक नियम नव्हता, जागा आणि सवय बघून लिहायचे, मग त्या मांडणीत कोणाचं नशीब कसं काय अडकून बसेल?

शिवाय मुळात ती अक्षरं पण नव्हती गं. एक म्हणजे एक काडी, पाच आणि दहाला ओळखू यावी म्हणून वेगळी खाच, अशा मोजणीच्या खुणांमधून हे आकडे आले असं अभ्यासक मानतात, रोमनांच्या आधी तिथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांकडेही असेच होते. पन्नास, शंभर, हजारची चिन्हंसुद्धा आधी वेगळी दिसायची, हळूहळू ती जवळच्या दिसणाऱ्या अक्षरांसारखी लिहिली जायला लागली. म्हणजे मोजायला पाडलेल्या खाचा पुढे अक्षरांसारख्या दिसायला लागल्या आणि मग कोणीतरी त्यात शब्द वाचला.

आणि आता तुझी तारीख, हे तर सासूबाईंना मुद्दाम सांग. १७ डिसेंबर हा प्राचीन रोममधला सॅटर्नालिया सणाचा दिवस, सॅटर्न म्हणजे आपण ज्या ग्रहाला शनी म्हणतो त्याच ग्रहाला ज्याचं नाव तिकडे दिलंय तो देव! अंकशास्त्रवाले १७ चा ८ करून ८ म्हणजे शनी सांगतात, आणि रोमन लोक नेमक्या १७ डिसेंबरला त्या देवाचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा सण करायचे. कोर्ट बंद, शाळा बंद, सॅटर्नच्या देवळासमोर सार्वजनिक जेवण, त्याच्या मूर्तीच्या पायांना वर्षभर लोकरीने बांधून ठेवलेलं असायचं ते त्या दिवशी सोडायचे. लोक नेहमीचा जड टोगा काढून घरच्या आरामाच्या कपड्यात फिरायचे, मालक गुलामांना जेवायला वाढायचे, एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या मूर्ती भेट द्यायचे. कॅटुलुस या कवीने तर त्याला 'सगळ्यात उत्तम दिवस' म्हटलंय. एका दिवसाचा सण लांबत लांबत पुढे कित्येक दिवस चालायला लागला. इतक्या प्रेमाने साजरा केलेली ती तारीख आहे.

अजून एक, रोमन लोक त्या दिवसाला १७ म्हणतच नव्हते. त्यांची तारीख पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मागे मोजायची पद्धत, त्यामुळे १७ डिसेंबर म्हणजे 'जानेवारीच्या एक तारखेआधीचा सोळावा दिवस', त्यात दोन्ही टोकं धरायची. आणि ज्युलियस सीझरने कॅलेंडर सुधारायच्या आधी डिसेंबर २९ दिवसांचा होता, तेव्हा तोच सण 'चौदाव्या दिवशी' यायचा. सण तोच, देव तोच, आकडा आधी १४ मग १६, आणि १७ कधीच नाही. तारखेचा आकडा हा असा असतो सायली, कोण कुठून मोजतंय त्यावर.

हीच गोष्ट आपल्या गुरुजींच्या बाबतीत पण आहे. त्यांनी मुहूर्त काढताना तिथी, नक्षत्र, लग्न (म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) बघितलं असणार, इंग्रजी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात काय छापलंय याचा पंचांगाशी संबंधच नाही. सासूबाईंचा पंचांगावर विश्वास आहे ना? मग तो विश्वास गुरुजींनी काढलेल्या मुहूर्तावर राहू दे, एकाच्या मुहूर्तावर दुसऱ्याने तिसऱ्याच हिशोबाने फुली मारायची हे त्यांच्या श्रद्धेलाही धरून नाही.

आता १ अधिक ७ बरोबर ८. हे करायला आधी १७ हा '१' आणि '७' असा दोन अंकांत लिहिता यायला हवा, म्हणजे एकक-दशकाची जागा हवी, शून्य हवा. रोमनांकडे ते नव्हतंच. त्यांच्या १७ मधल्या चिन्हांची बेरीज करून बघ, दहा, पाच, एक, एक, परत १७ च येतात, ८ येतच नाहीत. म्हणजे ज्या रोमन आकड्यांवरून तुमच्या घरात हे सगळं सुरू झालं त्या आकड्यांत मूलांक, म्हणजे अशी एकअंकी बेरीज, काढायची सोयच नाहीये! आपल्याकडेही सुरुवातीला तसंच होतं, जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे ब्राह्मीत कोरलेत, पण दहाला वेगळं चिन्ह, शंभरला वेगळं, हजारला वेगळं, तिथे १७ लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि पुढे सातचं, बेरीज परत १७ च. जागेप्रमाणे किंमत बदलणारे अंक आणि शून्य ही भारताची देणगी, ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात २७० आणि ५० मधलं शून्य स्वच्छ दिसतं. ते अंक आल्यावरच १ आणि ७ वेगळे करून मिळवता यायला लागले. आणि ती बेरीज म्हणजे तरी काय, नवाने भागून उरलेली बाकी. दहाच्या गटात मोजतो म्हणून ८ येतात. डझनाच्या गटात मोजलं तर १७ म्हणजे एक डझन आणि वर पाच, १ अधिक ५ झाले ६, आणि ६ म्हणजे अंकशास्त्रात शुक्र, लग्नाला सगळ्यात छान. तारीख तीच, सूर्य-चंद्र जागेवर तेच, फक्त मोजायचा गट बदलला आणि शनीचा शुक्र झाला.

आता तुझ्या नावावर येऊ, इथे मी कागद-पेन घेऊन बसले होते. आपल्याकडचे बहुतेक अंकशास्त्रवाले जो तक्ता वापरतात तो किरोचा. किरो म्हणजे १८६६ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला विल्यम जॉन वॉर्नर, हातावरून भविष्य सांगून युरोप-अमेरिकेत प्रचंड नाव कमावलं आणि १९३६ मध्ये हॉलिवूडला वारला. तरुणपणी मुंबईला येऊन कोकणातल्या एका ब्राह्मण घराण्याकडे हे शिकलो असं तो स्वतः सांगायचा. त्याच्या तक्त्यात तुझं नाव मांडलं, एस चे ३, ए चा १, वाय चा १, ए चा १, एल चे ३, आय चा १, बेरीज १०, म्हणजे १. तुमच्या त्या गृहस्थांनी सांगितलेलं जुळतंय. एक ए आणि एक एल वाढवला की होतात १४, म्हणजे ५, आणि ५ चं सगळ्यांशी पटतं असं मानतात, म्हणून तो सल्ला.

पण दुसरा एक तक्ता आहे, पायथॅगोरसच्या नावाने चालणारा, अमेरिका-युरोपात तोच जास्त वापरतात. त्यात ए ला १ पासून सुरुवात करून ९ पर्यंत जायचं आणि परत १ पासून. त्यात एस १, ए १, वाय ७, ए १, एल ३, आय ९, बेरीज २२, म्हणजे ४. आणि सुचवलेलं नवीन स्पेलिंग याच तक्त्यात घातलं, तर २२ मध्ये १ आणि ३ मिळून २६. २६ म्हणजे ८!! ज्या ८ पासून पळायला एकवीस हजार द्यायचे तोच ८, आणि तोही दिरांच्या लग्नाच्या तारखेचाच, २६. मी ही बेरीज परत करून बघितली, तूही कर, सासूबाईंसमोर बसून कर. आपली स्वतःची जुनी पद्धत पण आहे, कटपयादी, अक्षरांना अंक देऊन श्लोकात संख्या लपवायची, त्यात स चे ७, य चा १, ल चे ३, बेरीज ११, म्हणजे २. आता बोल, तू १ आहेस, ४ आहेस का २ आहेस? तू सायलीच आहेस, आणि प्रत्येक तक्ता वेगळं सांगतोय.

त्या 'पायथॅगोरस' तक्त्याबद्दल एवढंच की इंग्लिशची २६ अक्षरं त्याच्या काळी नव्हतीच, रोमनांच्या वैभवाच्या काळातसुद्धा लॅटिनमध्ये २३ अक्षरं होती, जे आणि डब्ल्यू नव्हते, यू आणि व्ही एकच होतं. शिवाय रोमन अक्षरांपैकी किंमत फक्त सातांनाच होती, आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम, त्यात कोणाच्याही नावाची पूर्ण बेरीज होऊच शकत नाही. नावांचा खेळ चालायचा तो ग्रीक अक्षरांत, कारण ग्रीकमध्ये प्रत्येक अक्षर हा आकडाही असायचा. पॉम्पेई या जुन्या रोमन शहरातल्या एका भिंतीवर कोणीतरी लिहून ठेवलंय, 'जिचा आकडा ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे', बिचाऱ्याला नाव उघड करायचं नव्हतं, मला ते फार गोड वाटतं. आणि नीरो बादशहाबद्दल रोममध्ये एक ओळ फिरायची, स्युटोनियस या रोमन चरित्रकाराने ती नोंदवून ठेवलीये, की नीरो हे नाव ग्रीकमध्ये लिहिलं तर बेरीज १००५ आणि 'स्वतःच्या आईला मारलं' या शब्दांचीही बेरीज १००५. नीरोने आईला मारवलं होतंच. पण क्रम बघ गं, आधी सगळ्या शहराला माहीत होतं त्याने काय केलंय, मग कोणीतरी बेरीज जुळवली. १००५ बेरजेची बाकी किती नावं असतील, त्यांनी कोणी आईला हात लावला नाही.

दिरांच्या २६ तारखेचं नेमकं हेच झालंय. लग्न मोडलं, घर हादरलं, आणि मग कोणीतरी मागे जाऊन आकडा शोधला. महिन्यात ८, १७, २६ अशा तीन तारखा, वर्षाच्या छत्तीस झाल्या, म्हणजे साधारण दर दहातला एक दिवस. तुमच्या दोन्हीकडच्या नात्यात या तारखांना लग्न झालेली जोडपी बस आणि मोज, काका-काकू, आत्या, मामा, आजी-आजोबा. चाळीस वर्षं संसार केलेले निघतील त्यात, त्यांच्या तारखेची बेरीज मात्र कोणी केली नाही कारण करायची वेळच आली नाही.

आणि किरोचंच म्हणायचं तर, ज्याचा तक्ता घेऊन तुला घाबरवलंय त्या किरोने १७ या जोड-अंकाबद्दल स्वतः काय लिहिलंय माहितीये? आठ टोकांचा शुक्रतारा, शांती आणि प्रेमाचं चिन्ह, अमरत्वाचा अंक. इटलीत मरण आणि किरोकडे अमरत्व, एकाच १७ चं. मी हे तुला पटवायला सांगत नाहीये, तुझा विश्वास नाही आणि माझाही नाही. पण सासूबाईंचा आहे, आणि त्यांच्याशी बोलताना 'हे सगळं थोतांड आहे' यापेक्षा 'तुम्ही ज्यांना मानता त्यांच्याच पुस्तकात १७ ला चांगलं म्हटलंय' हे वाक्य जास्त उपयोगी पडेल आणि त्यात खोटंही काही नाही.

आता खरं बोलू. सासूबाईंना आकड्याची भीती नाहीये सायली, त्यांना दुसऱ्या मुलाचंही घर मोडेल याची भीती आहे. पहिल्या वेळी लोक काय काय बोलले असतील, त्यांनी स्वतःला किती दोष दिला असेल, हे त्या कोणाशी बोलल्या असतील असं मला वाटत नाही, आपल्याकडे डिव्होर्स झालेल्या मुलाच्या आईला कोण विचारतं तुम्ही कशा आहात म्हणून. मग ८ हा आकडा मिळाला तर बरंच वाटतं की, कारण मग चूक मुलाचीही नाही, सुनेचीही नाही, आपलीही नाही, तारखेची आहे, आणि तारीख तर बदलता येते. त्यांना मूर्ख समजू नकोस. एखाद्या दुपारी एकटी त्यांच्याकडे जा, अंकशास्त्राचा विषयच काढू नकोस, सरळ विचार, 'आई, दादांच्या वेळी तुम्हाला खूप त्रास झाला असेल ना?' आणि मग ऐक. त्या रडतील कदाचित, रडू दे. मग सांग की आम्हाला भांडण झालं तर तुम्हाला सांगून सोडवू, लपवणार नाही. शनीसाठी शनिवारी मारुतीला तेल वाहायचं म्हणाल्या तर त्यांच्यासोबत जा, त्यात तुझं काही जात नाही आणि त्यांना सोबत मिळते.

पण नावाचं तसं नाही, आणि हे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला नीट कळायला हवं. 'तुझं काय जातंय' म्हणणं सोपं आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, गॅझेट करा, पॅन आधारशी जुळवा, मग पासपोर्ट, बँक, पीएफ, दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिग्री, आणि एका ठिकाणी जुनं एका ठिकाणी नवं राहिलं की व्हिसाच्या वेळी किंवा पीएफ काढताना अडकलंच समज. कागदांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे एकदा 'तुझ्या नावात दोष होता' हे मान्य केलंस की पुढे पहिलं बाळ उशिरा झालं, नवऱ्याची नोकरी गेली, घरात कोणी आजारी पडलं, प्रत्येक वेळी बोट तुझ्याकडे येणार. तारखेचंही तेच, भांडण कोणाच्या घरात होत नाही, पण तुमच्या पहिल्या भांडणाला 'सांगितलं होतं १७ नको' हे वाक्य तयार बसलंय. ते वाक्य लग्नाआधी त्याने बंद करायचंय, तू नाही. आईशी त्याने बोलायचं, तुझ्या पाठीमागे उभं राहून नाही, तुझ्या आधी आणि स्वतःच्या तोंडाने, 'आई, तारीख १७ च राहील आणि सायलीचं नाव आहे तेच राहील, हा माझा निर्णय आहे.' त्याला हे जमत नसेल तर १७ तारखेपेक्षा त्या गोष्टीचा विचार तू जास्त कर, आणि लग्नाच्या आधीच कर. मला वाटतं जमेल, बहुतेक मुलं आईला दुखवायला घाबरतात म्हणून गप्प बसतात, त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगावं लागतं की गप्प बसल्याने तू पण एक बाजू घेतोयस.

दिलेले पाच हजार विसरून जा, परत मागायला गेलात तर सासूबाईंना चारचौघांत ओशाळं वाटेल, त्यापेक्षा उरलेले सोळा हजार द्यायचे नाहीत एवढं त्याने प्रेमाने सांगावं. अंगठीचं म्हणशील तर सोनाराकडून आधी कागदावर डिझाईन काढून घे, एक्स-व्ही-आय-आय झाल्यावर स्पष्ट टिंब आणि मग एक्स-आय-आय, टिंब टाकायचं राहून गेलं तर सगळी अक्षरं एकत्र होऊन भलतंच काहीतरी होतं आणि कोरलेलं खोडता येत नाही. पत्रिका छापायला जातील तेव्हा आधार आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच जाऊ दे, आणि प्रूफ दुसऱ्या कोणावर सोडू नकोस, स्वतः वाच.